एक बाई आणि चौसष्ट जीबी

माझ्या व्हिजिटिंग कार्डावरचं पद दोन ओळींत मावत नाही. शेवटचा शब्द तिसऱ्या ओळीवर एकटाच उभा असतो, बस चुकलेल्या माणसासारखा. त्या सगळ्या शब्दांचा मिळून अर्थ एवढाच: चाकणच्या एका कारखान्यात गाड्यांचे गिअर बनतात. कुठला गिअर कुठल्या भट्टीतून निघाला, कुठल्या पेटीत पडला आणि कुठल्या ट्रकमध्ये चढला, याची नोंद एका सर्व्हरवर होते आणि तो सर्व्हर मी सांभाळतो. सांभाळतो म्हणजे तो चालू असला की मी आहे की नाही याची कुणाला फिकीर नसते आणि बंद पडला की माझा मोबाइल नंबर शिपायापासून सगळ्यांना पाठ असतो. कासारवाडीच्या आमच्या सोसायटीत मी ‘कॉम्प्युटरवाले काका’ आहे. तिथे माझ्याकडे शाई सुकलेले प्रिंटर येतात. ते मला दुरुस्त करता येत नाहीत, हे मी अजून कुणाला कळू दिलेलं नाही.

गेल्या वर्षी तो सर्व्हर धापा टाकायला लागला. सकाळी दहाच्या सुमारास एकदा आणि दुपारी तीनच्या शिफ्ट बदलाला एकदा. माझ्या पडद्यावर ‘मेमरी संपली’ असा निरोप यायचा आणि दुसऱ्या मिनिटाला डेटाबेस मरून पडायचा. मेमरी संपणं आणि डिस्क भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी त्या कारखान्यात बारा वर्षं सांगतोय. तरी त्या आठवड्यात स्टोअरमधल्या मंडळींनी आपापल्या कॉम्प्युटरवरचे कंपनीतल्या गणपतीचे सगळे फोटो पुसून टाकले आणि फोन करून मला म्हणाले, “साहेब, आमच्या परीनं जागा केलीय. आता बघा चालतोय का.” मी आभार मानले. दुसरं काय करणार?

मेमरी अगदीच संपली की सर्व्हर आपला आपण एक निर्णय घेतो. सगळ्यात जास्त मेमरी कोण धरून बसलंय ते शोधतो आणि त्याला मारून टाकतो. सगळ्यात जास्त मेमरी अर्थातच डेटाबेसकडे असते, कारण सगळं काम तोच करत असतो. काम करणाऱ्यालाच काढून जागा करायची, ही पद्धत यंत्राला कुणी शिकवली हे मला माहीत नाही. पण ज्यानं शिकवली त्यानं एखाद्या मोठ्या कंपनीत नोकरी नक्की केली असणार.

डेटाबेस मेला की डिस्पॅचची स्क्रीन गोठायची. लोडिंगची चिठ्ठी निघायची नाही आणि चिठ्ठीशिवाय गेटवरचा माणूस ट्रक सोडत नाही. ट्रकची रांग तळेगावच्या रस्त्यापर्यंत जायची. मी डेटाबेस पुन्हा सुरू करायचो. रीस्टार्ट हा आमच्या धंद्यातला अंगारा आहे. तो लावला की सगळ्यांना बरं वाटतं आणि लावणाऱ्यालाही आपण काही केल्यासारखं वाटतं. आठ दिवस अंगारा लावल्यावर प्लँटच्या मोठ्या साहेबांनी मला ‘इंद्रायणी’त बोलावलं.

इंद्रायणी ही आमची कॉन्फरन्स रूम. एका सल्लागाराच्या सांगण्यावरून सगळ्या खोल्यांना नद्यांची नावं दिली आहेत. खरी इंद्रायणी रोज कंपनीच्या बसमधून मोशीच्या पुलावर दिसते. कधीकधी तिच्यावर इतका फेस असतो की बसमधले लोक मोबाइल काढतात. खोलीतली इंद्रायणी मात्र दिवसातून दोनदा फिनेलनं पुसली जाते.

मी एकतीस स्लाइड घेऊन गेलो होतो. तीन स्लाइडमध्ये सांगता आलं असतं, पण तीन स्लाइड दाखवणाऱ्याचं पद तीन ओळींचं नसतं. मेमरी म्हणजे काय हे साहेबांना कळावं म्हणून मी स्वयंपाकघराचं उदाहरण दिलं. डिस्क म्हणजे कोठीची खोली. तिथे धान्य कितीही मावतं. मेमरी म्हणजे ओटा. भाजी चिरायची, कणीक मळायची ती ओट्यावरच. कोठी कितीही मोठी असली तरी ओटा भरला की स्वयंपाक थांबतो.

“मग मोठा ओटा घ्या की,” मोठे साहेब म्हणाले. “किती आहे आत्ता?”

“चौसष्ट जीबी.”

“करा दुप्पट.”

इथे थांबलो असतो तर पुढचं सगळं टळलं असतं. पण तेव्हा मी चौदाव्या स्लाइडवर होतो. मी म्हणालो, “साहेब, ओटा मोठा करून उपयोग नाही. त्यावर कोण पसारा मांडून बसलंय ते बघायला हवं.” हे वाक्य मी बसमध्ये तयार केलं होतं. मग मी पुढची स्लाइड लावली. त्यात एक गोल होता आणि त्या गोलाचा बहुतेक भाग लाल. “हे लाल म्हणजे एकच आयडी,” मी म्हणालो. “चोवीस तासांतला जवळजवळ प्रत्येक तास या एका व्यक्तीनं डेटाबेस धरून ठेवलाय. एकावेळी चाळीस-चाळीस खिडक्या उघडून.”

“कोण आहे हा?”

“हा नाही, ही,” एचआरचे अधिकारी म्हणाले. ते आतापर्यंत मोबाइलवर काहीतरी टाइप करत होते. “डिस्पॅचची ताई. कॉन्ट्रॅक्टवर आहे. उद्या सकाळी परमनंटची यादी वर जातेय ना, त्यात नाव आहे तिचं.”

‘परमनंट’ या शब्दाचं वजन पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्याबाहेरच्या माणसाला सांगून कळणार नाही. इथे स्थळाच्या माहितीपत्रकात मुलाच्या उंचीच्याही आधी तो शब्द येतो. ताई परभणीकडची. सहा वर्षं आमच्याकडे होती. दर अकरा महिन्यांनी, सलग वर्ष भरू नये म्हणून, आठवडाभर घरी बसायचं आणि मग आपण इथे पहिल्यांदाच येतोय अशा चेहऱ्यानं पुन्हा रुजू व्हायचं, असं सहा वर्षं. आमच्या कंपनीत पस्तिशीपर्यंतच परमनंट करतात. ती त्या वर्षी पस्तीस पूर्ण करत होती. म्हणजे ही यादी तिची शेवटची. हे एचआरवाल्यांनी तिथेच सांगितलं, त्यामुळे मला माहीत नव्हतं असं मला म्हणता येत नाही.

“असल्या बाईला परमनंट करायचं?” मोठे साहेब म्हणाले. “थांबवा नाव. खुलासा मागवा तिच्याकडून.”

खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. माझ्या स्लाइड बघून कुणीतरी काहीतरी केलं, असं बारा वर्षांत पहिल्यांदा घडत होतं. एक माणूस रोज चोवीस तास, चाळीस खिडक्या उघडून कसा बसेल, ही बाई झोपते कधी, हा प्रश्न त्या खोलीत कुणालाच पडला नाही. मलाही नाही, आणि त्या खोलीत प्रश्न पडण्याचा पगार फक्त मलाच मिळतो.

जागेवर आलो आणि मी ताईचा आयडी बंद करून टाकला. मेमरीचा आलेख धाडकन खाली आला. मी खुर्ची मागे रेलून त्याचा फोटो काढला. तो एकतिसाव्या स्लाइडनंतर लावण्यासारखा होता.

दहा मिनिटांत फोन वाजला. डिस्पॅच बंद. मी म्हटलं, एका बाईचा आयडी बंद केल्यावर अख्खं डिस्पॅच कसं बंद पडेल? पलीकडचा म्हणाला, “ते आम्हाला काय माहीत सर, तुम्ही खाली या.” मग गेलो.

डिस्पॅच म्हणजे एक लांबलचक शेड. एका टोकाला पॅकिंग, दुसऱ्या टोकाला ट्रकचे धक्के. मधे चार कॉम्प्युटर, त्यांच्याभोवती पंधरावीस माणसं नुसती उभी. एका टेबलाशी ताई हातानं चिठ्ठ्या लिहीत होती, कार्बन पेपर लावून. शिफ्टचे सुपरवायझर पुढे आले. त्यांना सगळे मामा म्हणतात. चाकणशेजारच्याच गावचे, भट्टीवर वीस वर्षं काढून इकडे आलेले.

“आलात का साहेब? ताईंचं बंद पडलंय. समदं थांबलंय.”

“ताईंचं म्हणजे?”

“ताईंचं म्हंजी ताईंचं. आमी त्येच्यावरच चालतो की.”

“आमी म्हणजे कोण?”

“समदे. पॅकिंगवाले, गेटवाला, तिन्ही शिफ्टा. ट्रान्सपोर्टचा मानूस बी.”

“आणि तुमचा स्वतःचा आयडी कुठाय मामा?”

“न्हाई ना दिला तुमी.” मामा हसले. हसण्यात राग नव्हता, हे जास्त लागलं. “दोनदा अर्ज केला व्हता. पैल्यांदा निळ्या शाईत भरला म्हून परत आला. दुसऱ्यांदा सहावी सही राहिली म्हून आला. मंग आमी म्हनलं, जाऊ द्या, ताईंचं हाय की.”

तो अर्ज मी तयार केलेला आहे. नवीन आयडीसाठी सहा सह्या, काळी शाई, दोन प्रती. तो केला तेव्हा मी त्याच्यावर इतका खूश होतो की त्याची पहिली प्रत चिकटवलेली माझ्या कपाटाच्या आत अजून आहे.

कॉम्प्युटरच्या वर एका खिळ्याला सुतळीनं एक पुठ्ठा टांगलेला होता. वर ठळक अक्षरांत ‘ताईंचं’, खाली पासवर्ड. पासवर्डला बारा अक्षरं हवीत, त्यात एक मोठं अक्षर, एक आकडा आणि एक चिन्ह हवं, आणि तो दर तीन महिन्यांनी बदलायला हवा, हा नियमही माझाच. असला पासवर्ड कुणाच्याही लक्षात राहणं शक्य नव्हतं, म्हणून तो मोठ्या अक्षरात लिहिलेला होता. शेडमध्ये तेलाचे हात लागतात, म्हणून लॅमिनेट केलेला होता. दर तीन महिन्यांनी नवीन लॅमिनेशन. माझी सुरक्षा व्यवस्था तिथे भिंतीवर चकाकत होती.

“बरं, पण इतक्या खिडक्या का उघड्या ठेवता?” मी विचारलं. पडद्याखालच्या पट्टीत खिडक्यांची चिकटाचिकटी झाली होती. “काम झालं की बंद का नाही करत?”

“बंद?” मामांनी आजूबाजूला बघितलं, मी काहीतरी भलतंच बोललो असलो तर ते बाकीच्यांनीही ऐकलं का, हे बघितल्यासारखं. “साहेब, आमी भट्टीवाले. चालू भट्टी इझवायची न्हाई. गेलेल्या शिफ्टवाल्यानं आलेल्याच्या हातात तापलेली द्यायची. थंड झाली का परत तापायला अर्धी शिफ्ट जाती.”

“पण ही भट्टी नाही मामा, ही स्क्रीन आहे.”

“तिला बी उघडायला येळ लागतोच ना?”

लागतो. तीन मिनिटं लागतात.

“मग त्याच खिडकीवर काम करा. दर शिफ्टला नवीन कशाला?”

“दुसऱ्यानं मांडलेलं हलवायचं न्हाई,” पॅकिंगमधला एक जण मागून म्हणाला. “त्याचं त्याला, आमचं आम्हाला. नाहीतर उद्या म्हणेल, भावा, माझा ट्रक कुठं गेला?”

यात मला एकही मूर्खपणा सापडेना. माझ्या सवयीप्रमाणे मी शोधून काढायचा प्रयत्न केला. ती प्रत्येक खिडकी दर मिनिटाला आपली आपण ताजी व्हायची आणि सगळ्या पेट्या पुन्हा क्रमानं लावायची. म्हणजे घरी गेलेल्या माणसाची खिडकीसुद्धा ओट्यावर कणीक मळत बसलेली. माझ्या गोलातला तो सगळा लाल भाग म्हणजे एक बाई नव्हती. ते अख्खं डिस्पॅच होतं आणि त्याला दुसरं नाव मी मिळू दिलं नव्हतं.

मी तिथूनच फोन करून आयडी सुरू करवला. पडदे हलले, माणसं पांगली. ताईनं कार्बन पेपर बाजूला ठेवला आणि माझ्याकडे आली.

“साहेब, मला एचआरनी बोलावले दोन वाजता. यादीतून नाव काढले म्हणायलेत. खरं हाय का?”

“तपास चालू आहे,” मी म्हणालो.

“कशाचा?”

“सर्व्हरचा.”

“सर्व्हरनं माझं नाव काढलं?”

मी म्हणालो, बघतो. बघतो हा आमच्या ऑफिसातला सगळ्यात उपयोगी शब्द आहे. तो म्हटला की समोरचा निघून जातो. ती निघून गेली नाही. ती म्हणाली, “पुढल्या यादीला मी छत्तिसाची होते. मग घेत नाहीत.” आणि उत्तराची वाट न बघता पुन्हा चिठ्ठ्यांकडे गेली, कारण धक्क्यावर ट्रकवाला ओरडत होता.

वर येऊन मी साधा गुणाकार केला, जो मी आठ दिवसांपूर्वी करायला हवा होता. त्रेचाळीस खिडक्या. प्रत्येक खिडकीला क्रम लावायला मिळणारी मेमरी थोडीशीच असायला हवी, चार-पाच एमबी. त्रेचाळीसच काय, चारशे खिडक्या असत्या तरी चौसष्ट जीबीला काही झालं नसतं. मग संपते कशी? तेव्हा मी डेटाबेसची सेटिंगची फाइल उघडली. खरं तर दुखणं सुरू झालं त्या पहिल्या सकाळी उघडायला हवी होती. पण त्या फाइलमध्ये मीच सगळं लिहिलेलं असल्यामुळे तिच्यात चूक असेल असा संशय मला आला नाही.

खिडकीमागे एक जीबी. आणि त्याच ओळीच्या पुढे, इंग्रजी अक्षरांत मराठी, जशी आम्ही सगळे लिहितो तशी, एक टीप: तात्पुरतं, सोमवारी काढणे.

मला तो शुक्रवार आठवला. तीन वर्षांपूर्वी मोठ्या ग्राहक कंपनीचे पाहुणे आले होते, आणि इंद्रायणीतल्या पडद्यावर वर्षाचा अहवाल उघडायला बारा सेकंद लागत होते. साहेब म्हणाले, पाहुण्यांपुढे बरं दिसत नाही. मी हे सेटिंग वाढवलं. अहवाल तीन सेकंदांत उघडला. पाहुणे चहा पीत होते, त्यांनी पडद्याकडे बघितलंच नाही. त्यानंतर दीडशेएक सोमवार येऊन गेले. तेव्हा डिस्पॅचला पाच-सहा खिडक्या असायच्या, म्हणून काही जाणवलं नाही. मग शेड वाढली, माणसं वाढली, खिडक्या वाढल्या, आणि चौसष्टपैकी वीसेक जीबी डेटाबेसला स्वतःलाच लागतात, ते सोडून उरलेले एक एक करून वाटले गेले.

मी सेटिंग पूर्वीसारखं केलं. तीनची शिफ्ट बदलली. आलेख हललाही नाही. आठ दिवसांचं दुखणं एका ओळीत बरं झालं आणि मला अजिबात आनंद झाला नाही. यादी सकाळी जाणार होती.

मी एचआरमध्ये गेलो आणि उभ्याउभ्याच सांगितलं की त्या बाईचा काही दोष नाही, नाव परत घाला. अधिकारी चांगले गृहस्थ आहेत. म्हणाले, “सर, तोंडी कसं घालू? तुमच्या स्लाइड लेखी रिपोर्ट म्हणून फायलीला लागल्यात. तुम्ही लेखी द्या की तो रिपोर्ट चुकीचा होता, आणि का चुकीचा होता. पाचच्या आत. आणि मराठीत द्या, कामगार प्रतिनिधींसमोर वाचावं लागतं.”

इंग्रजीत असतं तर सोपं गेलं असतं. इंग्रजीत मी अनेक वर्षं काहीही न सांगणारी पत्रं लिहीत आलो आहे. मराठीत बसलो आणि पहिल्या प्रयत्नात असं लिहिलं: ‘तांत्रिक कारणास्तव सर्व्हरच्या मेमरीवर ताण आल्याचे निदर्शनास आले असून सदर वापरकर्त्याचा त्याच्याशी थेट संबंध आढळत नाही.’ वाचून पाहिलं. ‘थेट’ हा शब्द काढला. मग वाटलं, कारण द्यायला हवं. दुसऱ्या प्रयत्नात लिहिलं: ‘एक तात्पुरते सेटिंग अनवधानाने राहून गेले होते.’ हे मला फार आवडलं. प्रामाणिक होतं आणि दुखतही नव्हतं. मी वाचणारा माणूस आहे. घरात पुस्तकांची तीन कपाटं आहेत आणि सरकारी परिपत्रकांच्या भाषेची टिंगल मी पंचवीस वर्षं करत आलोय. माझी वेळ आली तेव्हा माझ्या हातून ‘सदर’ आणि ‘निदर्शनास’ विनासायास उतरले.

साडेचारला ताई माझ्या टेबलाशी आली. “एचआरचे सर म्हणले, तुमच्याकडं माझा काहीतरी कागद हाय. तो घेऊन ये म्हणले.”

“होतोय. बसा.”

ती बसली नाही. प्रिंट काढून ठेवलेला कागद तिनं उचलला आणि ओळीवर बोट ठेवून वाचायला लागली. मी नको म्हणणार होतो, पण कागद तिचाच होता.

“साहेब, हे ‘राहून गेले होते’ म्हणजे? कुणाकडून?”

“कुणाकडून म्हणजे… राहिलं.”

“आपोआप?”

“आपोआप नाही.”

“मग?” तिनं कागद माझ्याकडे फिरवला. “बघा की. ह्या अख्ख्या कागदात एकच नाव हाय. माझं. वरच्या ओळीत. खाली म्हणायलाव राहून गेलं. वाचणारा काय म्हणंल? ह्या बाईकडूनच राहिलं.”

मी कागद पुन्हा वाचला. तिचं बरोबर होतं. माझ्या दीड पानात करणारा कुणीच नव्हता. ताण आला होता, आढळलं होतं, राहून गेलं होतं. आपल्या भाषेत पेला कधी कुणी फोडत नाही, तो फुटतो. दूध कुणी उतू घालवत नाही, ते जातं. आजवर मला ही भाषेची नजाकत वाटत आली होती. घरातल्या घरात ती नजाकतच असते, कारण पेला कुणी फोडला ते सगळ्यांना माहीत असतं. पण एका कागदात फुटलेला पेला ठेवला आणि शेजारी एकाच माणसाचं नाव लिहिलं, की झालं काम.

मी नवीन कागद घेतला. तीन वाक्यं झाली. तीन वर्षांपूर्वी मी हे सेटिंग वाढवलं आणि नंतर काढलं नाही. डिस्पॅचच्या कर्मचाऱ्यांना मी स्वतंत्र आयडी दिले नाहीत, म्हणून ते सगळे या कर्मचाऱ्याचा आयडी वापरतात. हे न तपासता मी रिपोर्ट दिला. तीन वाक्यांना वीस मिनिटं लागली, आणि त्यातली पंधरा ‘मी’ या एकाक्षरी शब्दावर गेली. एकतीस स्लाइड मी एका संध्याकाळी केल्या होत्या.

तिनं तो वाचला. या वेळी बोट ठेवावं लागलं नाही.

“ह्यानं तुम्हाला काही होईल का साहेब?”

“येईल एखादं पत्र. खुलासा वगैरे.”

“तुम्ही परमनंट हाव ना?”

“हो.”

“मग काय होतंय?” ती म्हणाली आणि कागद घेऊन गेली. टोमणा नव्हता तो. तिनं खरंच चौकशी केली होती आणि उत्तरानं तिचं समाधान झालं होतं.

मला काय झालं ते सांगण्यासारखं नाही. एक पत्र आलं, त्याला मी उत्तर दिलं, दोन्ही कागद एका फायलीत गेले. मोठ्या साहेबांनी जिन्यात गाठून विचारलं, “एवढं लिहून कशाला दिलंत राव? मला सांगायचं ना, मी फोन केला असता.” मग दोन पायऱ्या उतरून थांबले आणि म्हणाले, “ते मेमरी दुप्पट करायचं मग रद्द करू?” आता सेटिंग दुरुस्त झाल्यावर त्याची काहीही गरज नव्हती. मी म्हणालो, “राहू द्या साहेब, आलेली बरी.” सुधारणेला मर्यादा असतात, निदान माझ्या बाबतीत.

यादी लागली तेव्हा तिच्यात ताईचं नाव होतं, खालून दुसरं. मी बोर्डापाशी जाऊन बघून आलो. ती तिथे नव्हती. तिच्या धक्क्यावर गाड्या लागल्या होत्या.

सहा सह्यांचा अर्ज मी रद्द केला आणि डिस्पॅचच्या प्रत्येकाला आयडी देत बसलो. पहिल्याच दिवशी मामांनी तीनदा चुकीचा पासवर्ड मारून स्वतःला बाहेर कोंडून घेतलं आणि फोनवर म्हणाले, “ताईंचं बरं व्हतं.” ताई सगळ्यात शेवटी आली. कॉन्ट्रॅक्टचा नंबर गेला होता आणि गळ्यात नवीन नंबरचं कार्ड होतं. नवीन नंबर म्हणजे नवीन आयडी. मी तिचं खातं उघडलं, खुर्ची तिच्याकडे सरकवली आणि सांगितलं की आता पासवर्ड टाका, बारा अक्षरं, एक मोठं, एक आकडा, एक चिन्ह.

ती कीबोर्डवर बोट ठेवून थांबली. मला वाटलं काही अडलं असेल, म्हणून मी पडद्याकडे वाकलो.

“साहेब,” ती म्हणाली, “तुम्ही जरा तिकडं बघा.”

मी तिकडे बघितलं. ती एका बोटानं टाइप करते, त्यामुळे बराच वेळ लागला. खिडकीतून गेट दिसत होतं आणि गेटवरचा माणूस एकेक चिठ्ठी बघून ट्रक सोडत होता. बारा अक्षरं होईपर्यंत चार गेले.